प्लायवूडचा राजवाडा

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन खुर्च्यांच्या पाठींना एक सुतळी आडवी, जराशी सैल बांधा. तिच्यावर वीतभर अंतर ठेवून सारख्या लांबीचे दोन दोरे लटकवा आणि प्रत्येकाच्या टोकाला सारख्याच वजनाचा एकेक दगड बांधा. आता फक्त एका दगडाला पुढे-मागे झोका द्या. थोड्याच वेळात दुसरा, स्वस्थ लटकणारा दगड आपोआप झुलू लागेल. त्याचा झोका वाढत जाईल आणि पहिल्याचा कमी होत होत जवळजवळ थांबेल. यानंतर दुसऱ्या दोऱ्याची लांबी निम्मी करून तोच प्रयोग पुन्हा करा. आता दुसरा दगड नुसता थरथरेल, फारसा झुलणार नाही.

यावरून मुलांना दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, एका वस्तूच्या हालचालीतली ऊर्जा दुसरीकडे काढून घेता येते. दुसरी म्हणजे, त्यासाठी दोघींचा दोलनकाल जुळावा लागतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात एका उंच इमारतीच्या ५८व्या मजल्यावर हेच तत्त्व राबवावे लागले. तिथे दगडांऐवजी शिसे होते, आणि तेही सुमारे ६०० टन. ही वेळ का आली, त्याची ही हकिगत आहे.

दोन विमा कंपन्या

जॉन हॅन्कॉक ही बोस्टनमधील आयुर्विम्याची जुनी कंपनी. तिची स्थापना १८६२ साली झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक सही करणाऱ्या पुढाऱ्याचे नाव तिने घेतले होते. १९४७ मध्ये कंपनीने शहरात २६ मजल्यांची कचेरी बांधली. तिच्या शिखरावर १९५० पासून हवामान सांगणारा दिवा लागू लागला. स्थिर निळा म्हणजे आकाश निरभ्र, उघडझाप करणारा निळा म्हणजे ढगाळ, स्थिर लाल म्हणजे पाऊस आणि उघडझाप करणारा लाल म्हणजे बर्फ. बोस्टनकरांनी या खुणा पाठ करण्यासाठी एक यमकही जुळवले होते. कंपनीच्या कचेरीला शहराच्या जीवनात असे घरगुती स्थान मिळाले होते.

शहराचे दिवस मात्र बरे नव्हते. १९५० साली बोस्टनची लोकसंख्या ८ लाखांच्या थोडी वर होती. १९७० पर्यंत ती ६ लाख ४१ हजारांवर आली. माणसे उपनगरांकडे चालली होती. अशा काळात एखाद्या मोठ्या कंपनीने शहराच्या मध्यभागी नवे मुख्यालय बांधणे म्हणजे तिचा त्या शहरावर भरवसा असल्याची खूणच होती. १९६० च्या दशकात प्रुडेन्शियल या प्रतिस्पर्धी विमा कंपनीने जवळच ५२ मजली, २२८ मीटर उंच मनोरा उभारला. आता हॅन्कॉकला त्याहून उंच मनोरा हवा होता. ६० मजले आणि २४१ मीटर उंची ठरली. १९६८ मध्ये काम सुरू झाले.

जागा मात्र नाजूक होती. ती कॉप्ली चौकात होती आणि शेजारी १८७७ साली बांधून झालेले ट्रिनिटी चर्च होते. अमेरिकी वास्तुकलेचा मानबिंदू समजल्या जाणाऱ्या या चर्चच्या उशाशी एवढा मोठा मनोरा उभा राहिला, तर चर्च चिरडल्यासारखे दिसेल, असा आक्षेप अनेकांनी घेतला. आय. एम. पै यांच्या संस्थेतील वास्तुविशारद हेन्री कॉब यांनी त्यावर एक चतुर उत्तर शोधले. त्यांनी मनोऱ्याचा तळ समांतरभुज चौकोनाच्या आकाराचा, लांबट आणि अरुंद ठेवला. चौकातून पाहणाऱ्याला त्याची अरुंद कडच प्रामुख्याने दिसावी, असा बेत होता. बाहेरून सर्वत्र आरशासारखी काच लावायची, म्हणजे भिंतीवर आकाशाचे आणि चर्चचे प्रतिबिंब पडेल आणि एवढी मोठी इमारत जणू दिसेनाशी होईल. कंपनीला उंची मिळेल आणि शहराला त्याचे चर्चही राहील, अशी ती आशा होती.

भरावाची जमीन

चौकाचा हा भाग 'बॅक बे' म्हणून ओळखला जातो. नावाप्रमाणेच पूर्वी तो खाडीचा, दलदलीचा भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीने खडी-माती आणून तो भरून काढण्यात आला. मुंबईतील नरीमन पॉइंटची जमीन कशी तयार झाली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही.

अशा जमिनीवर जड इमारत बांधायची तर वजन खोलवरच्या थरांपर्यंत पोचवावे लागते. ट्रिनिटी चर्च सुमारे ४,५०० लाकडी खांबांवर उभे आहे. हे खांब जमिनीत ठोकलेले आहेत. लाकूड जमिनीत इतकी वर्षे कुजत कसे नाही, असा प्रश्न विद्यार्थी जरूर विचारतील. उत्तर असे, की खांब भूजलाच्या पातळीखाली पूर्ण बुडालेले असतील तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन मिळत नाही. पाण्याची पातळी खाली गेली, की खांबांची टोके हवेच्या संपर्कात येतात आणि कुजू लागतात.

मनोऱ्यासाठी खोल खड्डा खणताना कडेची माती ढासळू नये म्हणून पोलादी पत्र्यांची भिंत उभारली होती. मातीच्या दाबाने ही भिंत आत सरकली. तिच्यापाठोपाठ आजूबाजूची जमीनही सरकली, रस्त्याखालच्या नळवाहिन्यांना धक्का बसला आणि चर्चच्या भिंतींना तडे गेले. चर्चने दावा लावला. तो बरीच वर्षे चालला आणि १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूचा निकाल कायम केला. ज्या शेजाऱ्याचा मान राखण्यासाठी आरशाची योजना केली, त्यालाच पहिली इजा झाली.

काचा पडू लागल्या

मनोऱ्याला एकूण १०,३४४ काचा होत्या. प्रत्येक काच सुमारे साडेतीन मीटर उंच, १.४ मीटर रुंद आणि जवळजवळ २२५ किलो वजनाची. २० जानेवारी १९७३ च्या रात्री बोस्टनमध्ये वादळ झाले. बांधकाम चालू असलेल्या मनोऱ्याच्या अनेक काचा फुटल्या आणि त्यांचे तुकडे खालच्या काचांवर आपटून त्याही फुटल्या. पुढेही काचा फुटतच राहिल्या. फुटलेल्या जागी प्लायवूडचे तक्ते ठोकण्यात आले. एक वेळ अशी आली, की तक्त्यांनी झाकलेला भाग जवळजवळ एक एकर भरला. जोराचा वारा सुटला, की पोलीस आजूबाजूचे रस्ते बंद करत. लोक या इमारतीला 'प्लायवूडचा राजवाडा' म्हणू लागले. सुदैवाने काच पडून कोणी दगावले नाही.

काचा फुटण्याचे कारण काय असावे? सर्वांचा पहिला संशय इमारतीच्या डोलण्यावर गेला. वाऱ्याने इमारत वाकते, चौकटी पिळवटतात आणि काचा निसटतात, हे पटण्याजोगे होते. पण तपासात ते खरे ठरले नाही. दोष काचेच्या तावदानातच होता.

प्रत्येक तावदान दुहेरी होते. दोन काचा, मध्ये हवेची पोकळी आणि कडेने शिशाची पट्टी. ही पट्टी काचेला डाख देऊन जोडलेली होती. बाहेरच्या काचेला आतून परावर्तक थर दिलेला होता. दिवसा ऊन आणि रात्री थंडी यांमुळे काच व हवा प्रसरण-आकुंचन पावत, आणि वाऱ्याने तावदाने कंप पावत. कडेच्या जोडावर असा ताण हजारो वेळा येई. जोड थोडा लवचीक असता तर त्याने तो सोसला असता. पण तो फार पक्का होता. अखेर डाखात बारीक चीर पडे. जोड काचेला इतका घट्ट चिकटलेला होता, की ती चीर तिथेच न थांबता काचेत शिरे. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. इथेही तेच घडत होते.

इथे शिक्षकांनी थोडे थांबावे असे मला वाटते. 'मजबूत' म्हणजे 'चांगले' असे आपण सहज गृहीत धरतो. इथे जोड कच्चा होता म्हणून नव्हे, तर हटवादी होता म्हणून काच फुटली. अखेर सर्वच्या सर्व १०,३४४ तावदाने काढून त्यांच्या जागी तापवून कठीण केलेली एकेरी काच बसवण्यात आली.

डोलणारे मजले

डोलण्याचा संशय खिडक्यांबाबत चुकीचा ठरला, तरी इमारत डोलत होती हे खरेच होते. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात ॲलन डॅव्हनपोर्ट यांच्या वाऱ्याच्या बोगद्यात या भागाची प्रतिकृती ठेवून तपासणी झाली. तेव्हा असे दिसले, की वरच्या मजल्यांवर बसणाऱ्यांना अस्वस्थ वाटेल इतकी हालचाल होणार. मनोरा नुसता डोलतच नव्हता, तर स्वतःभोवती थोडा पिळवटतही होता.

प्रत्येक उंच इमारत वाऱ्यात डोलते आणि तशी ती डोललीही पाहिजे. माणसाच्या अंतर्कर्णाला वेग जाणवत नाही, त्वरण जाणवते. म्हणून एकाच दिशेने सावकाश जाणाऱ्या बोटीत त्रास होत नाही, पण हेलकावणाऱ्या बोटीत होतो.

यावर अभियंता विल्यम ल मेझुरिए यांनी सुरुवातीच्या प्रयोगातील तत्त्व वापरले. ५८व्या मजल्याच्या दोन टोकांना शिशाने भरलेली, सुमारे ३०० टनांची एकेक पोलादी पेटी ठेवली. पेटीखाली गुळगुळीत पोलादी पाट आणि त्यावर तेलाचा पातळ थर. पेट्या स्प्रिंगांनी इमारतीच्या सांगाड्याला जोडल्या. मनोरा हलला, की जडत्वामुळे पेटी मागे रेंगाळते, तिच्याखालून जमीन सरकते आणि स्प्रिंग मनोऱ्याला परत ओढते. स्प्रिंगा अशा निवडल्या, की पेटीचा दोलनकाल इमारतीच्या दोलनकालाशी जुळावा. इमारतीची ऊर्जा पेटीत जाते आणि तिथे घर्षणासारख्या अवरोधामुळे उष्णतेच्या रूपाने निघून जाते. दोन्ही पेट्या एकाच दिशेने सरकल्या तर डोलणे कमी होते, विरुद्ध दिशांनी सरकल्या तर पीळ कमी होतो. आपल्या दगडांच्या प्रयोगात ऊर्जा पुन्हा पहिल्याकडे परत येते, इथे ती परत येऊ दिली जात नाही, एवढाच फरक.

सर्वांत मोठा धोका

तरीही खरी धास्ती पुढेच होती. हा सगळा उपद्व्याप पाहून इमारतीची एकूण सुरक्षितता तपासण्याचे ठरले. झुरिकचे प्राध्यापक ब्रूनो थ्युर्लिमान यांना बोलावण्यात आले. त्यांनी हिशेब मांडून सांगितले, की विशिष्ट परिस्थितीत हा मनोरा कोसळू शकतो, आणि तोही रुंद बाजूवर नव्हे, तर अरुंद बाजूवर.

टेबलावर उभे ठेवलेले पुस्तक आपल्या चपट्या बाजूवर पडते. ते कण्याच्या बाजूने पडेल असे कोणाला वाटत नाही. पण बाजूने झुकताना फक्त वाऱ्याचाच हिशेब पुरत नाही. इमारत थोडी कलली, की तिचे स्वतःचे वजन तळाच्या मध्यावरून सरकते आणि तेच वजन तिला आणखी कलवू पाहते. सांगाडा पुरेसा ताठ असेल तर तो तिला परत आणतो, नसेल तर कल वाढत जातो. लांबीच्या दिशेने हा ताठपणा पुरेसा नव्हता. शेवटी मधल्या गाभ्यात सुमारे १,५०० टन पोलादी तिरके आधार बसवण्यात आले.

जे छापले गेले नाही

१९७६ मध्ये मनोऱ्याचे उद्घाटन झाले. साडेसात कोटी डॉलरचा अंदाजित खर्च साडेसतरा कोटींवर गेला होता. पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेच्या वास्तुविशारदांच्या संस्थेचा मानाचा पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये संबंधितांनी आपसांतील दावे मिटवले, पण एका अटीवर: कोणी काही बोलायचे नाही. त्यामुळे कोसळण्याच्या धोक्याची हकिगत १९९५ मध्ये वृत्तपत्रातून आली तेव्हा कुठे लोकांना कळली.

त्याच ल मेझुरिए यांची आणखी एक हकिगत आहे. न्यूयॉर्कमधील सिटीकॉर्प या बँकेच्या मुख्यालयाची ५९ मजली इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. ते पुढे सांगत, की एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून त्यांनी १९७८ मध्ये आपलेच गणित पुन्हा तपासले आणि तिरप्या वाऱ्यात बोल्टांचे जोड अपुरे पडतील असे त्यांना आढळले. त्यांनी ते स्वतः होऊन मालकांना सांगितले. रात्री-रात्री वेल्डिंग करून जोड पक्के केले गेले. ही गोष्टही लोकांपुढे आली १९९५ मध्येच.

मी प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या वह्यांत फसलेल्या प्रयोगांची पाने यशस्वी प्रयोगांच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त असतात, पण छापली जातात ती दुसरीच. माझ्या हाताखालच्या एका विद्यार्थ्याने आठ महिने जी चूक केली, तीच मी वीस वर्षांपूर्वी केली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. मी ती कोणाला सांगितली नव्हती. त्याचे आठ महिने माझ्या संकोचाने खाल्ले. हॅन्कॉकच्या बाबतीत चौदा वर्षे तोंड बंद ठेवले गेले, आणि त्या काळात जगभर उंच इमारती बांधल्या जात होत्या.

२००३ मध्ये मनोरा विकला गेला. पुढच्या वर्षी कंपनी एका कॅनेडियन कंपनीत विलीन झाली. २०१५ मध्ये भाडेकरार संपल्यावर मनोऱ्यावरचे तिचे नावही गेले. आता तो फक्त पत्त्याने ओळखला जातो: २००, क्लॅरेन्डन. ज्या नावासाठी एवढी उंची गाठली ते नाव टिकले नाही. काचेत चर्चचे प्रतिबिंब मात्र कॉब यांनी योजले होते तसेच पडते.

विद्यार्थ्याचा प्रयोग फसला तर त्याला ते पान फाडू देऊ नका. त्या पानावर तारीख घालून, काय झाले ते जसेच्या तसे लिहायला सांगा. आणि वर्षातून एखादा तास असा ठेवा, की ज्यात मुलांनी आपापली असली पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. सुरुवात शिक्षकांनी आपल्या पानापासून केली तर फारच उत्तम.