काँगो रेड : अमिलॉइड उजेडात आणणारे रंजक

हृदय, मूत्रपिंड किंवा चेतातंतूंमध्ये चुकीच्या घडणीची प्रथिने तंतुरूपाने साचत गेली की त्या विकाराला अमिलॉइडोसिस म्हणतात. प्रयोगशाळेतील नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनात हे साठे फिकट गुलाबी आणि निराकार दिसतात, त्यामुळे ते सहज नजरेतून सुटतात. ते ओळखण्याची आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत बव्हंशी जर्मनीत घडली.

‘अमिलॉइड’ म्हणजे पिष्टसदृश. रुडोल्फ फिरशो यांनी १८५४ मध्ये मेंदूतील काही कणांवर आयोडीनची प्रक्रिया पाहून हे नाव वापरले. फ्रीडराइश आणि केकुले यांनी १८५९ मध्ये हा पदार्थ प्रथिनयुक्त असल्याचे दाखवले. चुकीचे नाव मात्र कायम राहिले.

रंजकाच्या नावाची कथाही अशीच आहे. एल्बरफेल्ड येथे बायरमध्ये काम करणाऱ्या पाउल ब्योटिगर यांनी १८८३ मध्ये सुती कापडासाठी एक लाल रंग तयार केला. त्याचे हक्क आग्फा कंपनीने घेतले. बर्लिनमध्ये १८८४-८५ साली आफ्रिकेच्या वाटणीची काँगो परिषद गाजत होती, म्हणून तो ‘काँगो रेड’ या नावाने बाजारात आला. काँगोशी त्याचा संबंध एवढाच.

हान्स बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये हा रंग अमिलॉइडला घट्ट चिकटतो हे प्रसिद्ध केले. पुढे १९२७ मध्ये बेल्जियमच्या दिव्री आणि फ्लोर्कां यांनी रंगवलेला छेद ध्रुवित प्रकाशात पाहिला, आणि पद्धत पूर्ण झाली.

तिचे तत्त्व असे. सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले की दृष्टिक्षेत्र काळे होते. अमिलॉइडच्या तंतूंवर काँगो रेडचे रेणू एकाच दिशेने ओळीने बसतात. त्यामुळे तेथे द्विप्रणमन घडते, प्रकाशाचा काही भाग दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो आणि साठा सफरचंदी हिरवा चमकतो. कोलॅजेनही चमकते, पण पांढरट. छेद साधारण ८ ते १० मायक्रॉन जाडीचा लागतो. फार पातळ असल्यास अल्प साठे हुकतात. दिवा प्रखर, खोली अंधारी आणि डोळा सरावलेला हवा, हे पाठ्यपुस्तके ओझरतेच सांगतात.

हिरवा रंग अमिलॉइड आहे एवढेच सांगतो. कोणते, ते सांगत नाही. अस्थिमज्जेतील पेशींपासून निर्माण होणाऱ्या एएल प्रकारात केमोथेरपी द्यावी लागते, तर ट्रान्सथायरेटिनच्या एटीटीआर प्रकारात टाफामिडिससारखी औषधे. येथे गल्लत झाली तर रुग्णाला अकारण केमोथेरपी मिळू शकते किंवा आवश्यक ती मिळतच नाही. म्हणून प्रकारनिश्चिती प्रतिपिंडांच्या साहाय्याने अथवा वस्तुमान वर्णपटमापनाने केली जाते. हायडेलबर्ग विद्यापीठ रुग्णालयात या विकारासाठी स्वतंत्र केंद्र आहे. भारतात दीर्घकाळच्या क्षयरोगातून उद्भवणारा एए प्रकारही लक्षात घ्यावा लागतो.

पोटाच्या त्वचेखालील चरबीचा नमुना सुईने घेणे सोपे असते. मात्र तो नकारार्थी आला म्हणून विकार नाही असे ठरत नाही. काँगो रेडचे रंजन बहुधा शंका असल्यासच केले जाते, म्हणून चिकित्सकाने ती शंका तपासणीच्या अर्जावर स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. जुन्या बायोप्सीचा मेणात जतन केलेला ठोकळा उपलब्ध असेल, तर त्याचा नवा छेद घेऊन वर्षांनंतरही ही तपासणी करता येते.