सक्तीची वर्गणी

सार्वजनिक उत्सवासाठी वा धर्मादाय कामासाठी दडपण आणून मिळवलेली देणगी. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तो लोकांनी आपखुशीने दिलेल्या वर्गणीवर. सक्ती ही त्याच प्रथेची विकृती होय.

उघड धमकी क्वचितच दिली जाते. चार-पाच कार्यकर्ते दुकानात येतात, पावतीवर आकडा आधीच लिहिलेला असतो, शेजारच्या दुकानदाराची पावती समोर धरली जाते. वर्षभर त्याच गल्लीत धंदा करायचा असल्याने दुकानदार गल्ला उघडतो. अशा पैशाला दान म्हणता येत नाही, मग तो रक्तदान शिबिरावर खर्च होवो की मांडवावर.

आपत्तीनंतर सहायता निधीसाठी एक दिवसाचा पगार कापण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हेतू निर्विवाद चांगला असतो. पण नकार साहेबांना लेखी कळवावा लागत असेल, तर कनिष्ठ कर्मचाऱ्याचे मौन म्हणजे संमती नव्हे. आवाहन करणे, आकडेवारी मांडणे, अगदी पुन्हा विचारणेही रास्त. नकाराची किंमत मोजायला लावणे रास्त नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी नुसार नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. धाक दाखवून पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरते. तक्रारी मात्र थोड्याच होतात, कारण तक्रारदारालाही त्याच वस्तीत राहायचे असते.