खोलीची अदलाबदल

आमच्या पोशीरला घर म्हणजे आजोबांनी बांधलेलं, वडिलांनी दुरुस्त केलेलं. 'भाडेकरू' हा शब्द वर्गात समजावताना मला मुंबईतल्या चाळीचंच उदाहरण द्यावं लागतं. माझ्यापुरतं ते उदाहरण म्हणजे माझी खाला.

लहानपणी नेरळहून लोकल पकडून आम्ही तिच्याकडे जायचो. गिरणगावातली चाळ, पगडीची खोली. शेजारी बहुतेक सगळे कोकणातले हिंदू. १९९३ मध्ये तिने ती खोली एका हिंदू कुटुंबाला दिली आणि मुस्लिम मोहल्ल्यातली त्यांची खोली घेतली. दोन्ही घरांना कोणी 'निघा' म्हटलं नव्हतं. पण जानेवारीनंतर दोन्ही घरांत रात्री कोणी झोपत नव्हतं.

मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरली होती. गरीब माणूस शहरात टिकला तो त्यामुळे. पण मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्याला देता येत नसे आणि पगडी घेणं हा गुन्हा होता. व्यवहार तरीही चालत. मालक आपला वाटा घेई आणि नव्या नावाने पावती फाडी. पगडीला कायद्याने मान्यता मिळाली ती १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे खालाच्या वेळी खोल्या दोन कुटुंबांनी बदलल्या, पैसे मात्र दोन्ही मालकांना मोजावे लागले.

ब्रिटनमध्ये सरकारी घरांतल्या भाडेकरूंना परस्पर घरं बदलण्याचा हक्क आहे. १९८५ च्या तिथल्या गृहनिर्माण कायद्यात तो नोंदलेला आहे आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय घरमालक संस्थेला नकार देता येत नाही. कोणी नोकरीजवळ जातं, कोणी म्हाताऱ्या आईजवळ. आपल्याकडे अशा अदलाबदलीला सोपी वाट नव्हती, तरी ती झाली. फरक इतकाच की घर कामाच्या जवळ आलं नाही, ते आपल्या धर्माच्या माणसांजवळ गेलं. खालूंची नोकरी जुन्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर होती. त्यानंतर त्यांना रोज दोन बस बदलाव्या लागत. ज्यांच्याकडे बदलायला खोली नव्हती, त्यांतले कित्येक मुंब्र्याला गेले.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या ९०० मृत्यूंची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. खालाच्या घराची नोंद झाली ती दोन मालकांच्या पावतीपुस्तकांत.

किल्ल्या देताना त्या बाईंनी खालाला सांगितलं, "भाभी, पाणी पहाटे साडेचारला येतं, उशीर करू नका." खालाने त्यांना वरच्या मजल्यावरच्या आजींच्या औषधाची वेळ सांगितली. दोघींच्या मनात एकमेकींबद्दल कटुता नव्हती. तरीही दोन मोहल्ल्यांतून एकेक वेगळं घर कमी झालं, आणि पुढच्या पिढीने ते शेजारी पाहिलेच नाहीत.

घर बदलण्याचा हक्क भाडेकरूला जरूर असावा. पण आहे तिथे निर्धास्त राहता आलं, तरच तो हक्क ठरतो.