अर्धी नोट, अख्खी बँक

जाकार्ता कोटा स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे दोन भल्यामोठ्या जुन्या बँका शेजारी शेजारी उभ्या दिसतात. दोन्हींची आता संग्रहालयं झाली आहेत. त्यातली 'बँक इंडोनेशिया'ची वास्तू मुळात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या इस्पितळाची जागा. १८२८ साली नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याच्या सनदेने तिथे 'डे याव्हासे बँक', म्हणजे जावाची बँक, सुरू झाली. नाव जावाचं, भांडवल आणि हुकूम डचांचा. नोटा छापण्याचा अधिकार तिच्याकडे आला आणि मळेवाल्यांचा, साखर-कॉफीच्या व्यापाऱ्यांचा पैसा तिच्यातून फिरू लागला. पुढच्याच वर्षी समारांग आणि सुराबाया इथे शाखा निघाल्या.

आजची इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, एदुआर्द कायपर्स या डच वास्तुकाराची. खिडक्यांच्या रंगीत काचा डेल्फ्टहून आलेल्या. पण बँकेची खरी कलाकुसर बघायची तर भिंतींपेक्षा नोटांवर. १९३०च्या दशकात तिने काढलेल्या मालिकेत वायांग नर्तक आहेत: डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, नृत्याचा पवित्रा. वायांग म्हणजे बहुतेक रामायण-महाभारताच्याच कथा, त्यामुळे मराठी माणसाला हे चेहरे अगदी परके वाटत नाहीत. मागच्या बाजूला मात्र सरकारी दम आहे: खोटी नोट कराल तर शिक्षा होईल. हा दम डच, जावानी, चिनी आणि अरबी अशा चार लिप्यांत! रोजच्या बाजारात कोण कोण उभं होतं, हे सांगणारा याहून नेमका कागद माझ्या पाहण्यात नाही. छपाई अर्थात हॉलंडातल्या हारलेमची.

१९४२मध्ये जपानी आले आणि बँक बंद पडली. १९४५ला प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पुढच्या वर्षी मार्गोनो जोजोहादिकुसुमो यांनी 'बँक नेगारा इंडोनेशिया' काढली. तीच मध्यवर्ती बँक व्हायची होती. पण १९४९च्या हेगच्या वाटाघाटींत डचांनी ते काम आपल्या जुन्या बँकेकडेच राखलं. स्वातंत्र्य मिळालं, नोटा मात्र परक्याच्या. हे दुखणं कोणत्याही देशाला सलणारच.

इथे शाफ्रुद्दीन प्राविरानेगारा हा माणूस येतो. १९५०च्या मार्चमध्ये अर्थमंत्री म्हणून त्यांनी महागाई आवरण्यासाठी पाच आणि त्यावरच्या जुन्या नोटा लोकांना चक्क कात्रीने अर्ध्यात कापायला लावल्या. डावा तुकडा निम्म्या किमतीला चालायचा, उजव्याच्या बदल्यात सरकारी रोखे. लोक आजही याला 'गुंतिंग शाफ्रुद्दीन', शाफ्रुद्दीनची कात्री, म्हणतात. उपाय कडू होता, पण सरकारच्या हातात तेव्हा दुसरं फारसं काही नव्हतं.

१९५१मध्ये सरकारने बँकेचं राष्ट्रीयीकरण केलं आणि तिचं अध्यक्षपद याच शाफ्रुद्दीन यांच्याकडे आलं. १ जुलै १९५३ला तिची 'बँक इंडोनेशिया' झाली तेव्हा पहिले गव्हर्नरही तेच. आपल्याकडे १ जानेवारी १९४९ला रिझर्व्ह बँक सरकारी झाली तेव्हा खुर्चीत चिंतामणराव देशमुख होते. पाठोपाठच्या दोन राष्ट्रीयीकरणांतला हा सारखेपणा मला आवडतो. मात्र देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, तर शाफ्रुद्दीन १९५८ला सुमात्रातल्या बंडखोर सरकारचे पंतप्रधान. त्यापायी त्यांना तुरुंग पाहावा लागला आणि 'राष्ट्रीय वीर' ही पदवी मिळाली ती मरणोत्तर, २०११ साली.

बँकेचं मुख्यालय पुढे कोटातून थामरीन रस्त्यावर गेलं. जुनी वास्तू पाडून मनोरा उभारण्याचा मोह या संस्थेने आवरला, हे तिच्या खात्यावर जमा धरायला हवं. २००६च्या डिसेंबरात इथे संग्रहालय उघडलं. तिजोरीच्या खोलीत आता सोन्याच्या विटांच्या प्रतिकृती रचून ठेवल्या आहेत.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. जाकार्ताला जाल तेव्हा तो वार टाळून जा.