क्ष-किरणांनी काढलेली लव

ओठावरची लव किंवा हनुवटीवरचे राठ केस घालवायचे, तर स्वस्तातले उपाय म्हणजे जिवाशी खेळ, खात्री हवी तर पैसे मोजावेत, असे सहज बोलले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे बायकांचे चेहरे बिघडवले ते डॉक्टरी थाटाच्या आणि ‘केस पुन्हा येणारच नाहीत’ म्हणणाऱ्या उपायांनी. घरातल्या चिमट्याच्या नावावर असा हिशेब नाही.

खरा कायमचा उपाय तोवर सापडलेला होता. सेंट लुइसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस विजेच्या सुईने काढण्याची रीत १८७५ साली प्रसिद्ध केली. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून मंद प्रवाह सोडला की तिथे क्षार तयार होतो, मूळ मरते आणि केस अलगद सुटतो. त्वचारोगतज्ज्ञांनी ही रीत चेहऱ्यासाठी उचलली, पण काम एकेका केसाचे. हनुवटीवर शे-दोनशे केस असतील तर किती खेपा, किती फी आणि किती टोचण्या! दुकानात किंवा कचेरीत नोकरी करणाऱ्या बाईला हे झेपणारे नव्हते. क्ष-किरणांना वाट मिळाली ती इथे. किरणांचा शोध लागून काही महिनेच झाले असताना, १८९६ साली, व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल यांनी आपले सहकारी डडली यांच्या डोक्यावर प्रयोग केला आणि तीन आठवड्यांनी तिथले केस गळाले. पुढे अल्बर्ट गायझर या डॉक्टरने १९२०च्या दशकात ‘ट्रायको’ पद्धत बाजारात आणली. यंत्रे गावोगावच्या सौंदर्यगृहांना दिली जात आणि जुजबी शिक्षण घेतलेली मंडळी ती चालवत. बाईने लाकडी कपाटासारख्या यंत्रापुढे बसायचे, गाल झरोक्याला लावायचा, काही मिनिटांनी उठायचे. ना टोचणी, ना वेदना. अशा बैठका बऱ्याच होत आणि केस खरोखर जात. सुरकुत्या, पांढरे-काळे डाग, न भरणाऱ्या जखमा आणि कर्करोग मात्र पुढच्या वर्षांत, कधी कधी दशकांनी, येत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९२९ साली या पद्धतीचा जाहीर निषेध केला, तेव्हा कितीतरी चेहऱ्यांवर किरण पडून गेले होते.

केस घालवणाऱ्या ‘कोरेमलू’ मलमाची गोष्ट याहून उघडी आहे. त्यात थॅलियम अ‍ॅसिटेट होते, आणि थॅलियमचे क्षार उंदीर मारायला वापरत. ते कातडीतून अंगात मुरे, त्यामुळे मलम ओठावर लावले तरी डोक्याचे केस गळत, पाय लुळे पडत, नजर जाई. दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनी १९३२ साली बुडाली. सौंदर्यप्रसाधने अमेरिकेच्या १९०६च्या अन्न व औषध कायद्याच्या कक्षेतच नव्हती. ती सरकारी देखरेखीखाली आली १९३८च्या कायद्याने.

यावर कुणी म्हणेल, या बायकांना एवढा हव्यास कशाला होता? हे म्हणणे सोपे आहे. चेहऱ्यावर केस असलेल्या बाईकडे पाहून जग हसत होते, आणि नोकरी किंवा लग्न त्या जगाच्याच हातात होते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हरताळ आणि चुन्याचा लेप तर स्वस्त आणि जुना, भारतापासून तुर्कस्तानापर्यंत माहीत असलेला, पण हरताळ म्हणजे सोमलाचे संयुग, तेही विषच. मान्य. स्वस्त ते निर्धोक असे म्हणताच येत नाही. पण लेप जास्त वेळ राहिला तर कातडी तिथल्या तिथे पोळते, बाई धावत जाऊन धुऊन टाकते. दोऱ्याचेही तसेच. इराणमध्ये लग्न ठरलेल्या मुलीचा चेहरा दोऱ्याने साफ करण्याची चाल होती, आणि आज पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये थ्रेडिंग रोजचे झाले आहे. दोऱ्याचे एक टोक दातांत धरून पीळ फिरवला की केस मुळातून उपटला जातो, डोळ्यांत पाणी येते, फार तर पुरळ उठते. दोन-तीन आठवड्यांत केस परत येतात आणि हात वाईट असेल तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेला दुसरे पार्लर गाठते. ट्रायकोच्या गिऱ्हाइकाला ही सोय नव्हती. आरशात गुळगुळीत हनुवटी दिसत असताना तिने तक्रार कशाची करायची?