मुलाचा ताबा आणि ‘मुलाचे हित’ : ॲनी बेझंट यांचे दोन खटले

कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्याचा वाद उभा राहिला की दोन्ही बाजूंचे वकील एकाच शब्दाचा आधार घेतात : मुलाचे हित. निकालही त्याच शब्दावर दिला जातो. पण हित म्हणजे काय, आणि ते ठरवायचे कोणी? होमरूल चळवळीच्या पाठात तुम्हाला ॲनी बेझंट भेटल्या असतील. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना त्या उभ्या राहिल्या आहेत : एकदा मूल गमावणारी आई म्हणून, आणि एकदा दुसऱ्याची मुले सांभाळणारी पालक म्हणून.

पहिला खटला इंग्लंडमधला. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात मुलांवर हक्क वडिलांचा असे. १८३९ च्या कायद्याने आईला सात वर्षांखालील मुलांसाठी अर्ज करण्याची मुभा दिली आणि १८७३ मध्ये ही मर्यादा सोळा वर्षांपर्यंत वाढली. त्याच वर्षी ॲनी आपल्या पाद्री पतीपासून विभक्त झाल्या. करारानुसार मुलगा डिग्बी वडिलांकडे गेला, धाकटी मेबल आईकडे राहिली. पुढे ॲनी उघडपणे निरीश्वरवादी झाल्या. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह त्यांनी संततिनियमनाची माहिती देणारी पुस्तिका छापली. त्यावरून खटला झाला, दोघे दोषी ठरले, आणि अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटले.

पतीने मेबलच्या ताब्यासाठी १८७८ मध्ये न्यायालय गाठले. न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांच्यासमोर ॲनींनी स्वतःच बाजू मांडली, जी गोष्ट तेव्हा एखाद्या स्त्रीने करणे विचित्र मानले जाई. त्यांनी मुलीला मायेने सांभाळले आहे, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तरीही सात वर्षांची मेबल त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. अशा विचारांच्या आणि अशी पुस्तिका छापणाऱ्या आईजवळ वाढलेल्या मुलीला प्रतिष्ठित समाज जवळ करणार नाही, म्हणून तिचे हित वडिलांकडे आहे, असा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. इथे थोडे थांबा. मुलीची हेळसांड झाल्याचा पुरावा नव्हता. शिक्षा आईच्या मतांना झाली आणि तिला नाव मात्र हिताचे दिले गेले. (मोठी झाल्यावर दोन्ही मुले आपणहून आईकडे आली.)

दुसरा खटला मद्रासचा. ॲनी आता थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा होत्या. अड्यारला राहणाऱ्या जी. नारायणय्या यांनी १९१० मध्ये आपल्या दोन मुलांचे, जे. कृष्णमूर्ती आणि नित्यानंद यांचे, पालकत्व लेखी त्यांच्याकडे सोपवले. ॲनींनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेले. पण मुलाला जगद्गुरू ठरवण्याचा प्रकार आणि सोसायटीतील एका सहकाऱ्याच्या वर्तनाबद्दलचे आरोप यांमुळे वडिलांनी परवानगी मागे घेतली व १९१२ मध्ये दावा लावला. त्यांचे वकील होते सी. पी. रामस्वामी अय्यर, जे पुढे होमरूलमध्ये ॲनींचेच सहकारी झाले! ॲनींनी याही वेळी स्वतः बाजू मांडली. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मुले वडिलांना परत द्यावीत असा निकाल दिला.

मे १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. बापाने दिलेले पालकत्व त्याला परत घेता येते, हे कौन्सिलने मान्य केले. पण परत घेण्याने मुलांचे काय होईल हे न्यायालयाने पाहिलेच पाहिजे, असेही सांगितले. दावा मूळ चेंगलपट्टूच्या जिल्हा न्यायालयात लावलेला, आणि मुले राहत होती इंग्लंडमध्ये. तेव्हा अधिकारक्षेत्रच नव्हते. शिवाय मुलांना काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते. खरे तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १७ मध्ये समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेण्याची तरतूद होतीच. निकाल लागला तेव्हा कृष्णमूर्तींनी एकोणीस वर्षे पूर्ण केली होती.

त्याच अधिनियमाचे कलम १९ मात्र वडिलांच्या बाजूचे होते : वडील हयात आणि लायक असतील तर दुसरा पालक नेमायचा नाही. हित आणि हक्क असे दोन्ही एकाच कायद्यात शेजारी बसवलेले होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेही हाच दुहेरी मार्ग धरला. कलम १३ ने हित सर्वोपरी मानले, तर कलम ६ ने वडिलांना पहिला क्रमांक दिला आणि आईला ‘त्यांच्यानंतर’ ठेवले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहील, एवढी सवलत दिली. मुले म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब खटल्यात सांगितले. ‘त्यांच्यानंतर’ याचा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा नाही, वडिलांच्या गैरहजेरीतही आई पालक ठरते, हे १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात ठरले. आणि १८९० च्या त्या कलम १९ मध्ये वडिलांच्या शेजारी ‘आई’ हा शब्द दाखल व्हायला २०१० साल उजाडावे लागले.