थंडीच्या तोंडावर चूल आणि सरपण
भंडारा जिल्ह्यातील घरांसाठी काही व्यवहार्य माहिती

दिवाळी सरली की वैनगंगेच्या खोऱ्यात गारवा उतरू लागतो. डिसेंबर-जानेवारीत भंडारा, साकोली, पवनी परिसरात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास आणि क्वचित त्याहूनही खाली जाते. धानाची कापणी आटोपलेली असते आणि गावोगावी सकाळचा पहिला उद्योग एकच असतो, तो म्हणजे अंघोळीचे पाणी तापविणे. जमिनीलगतची थंड, जड हवा वर उठत नसल्याने चुलीचा धूर कवेलूंच्या छपरांवर बराच वेळ रेंगाळतो. घरात गॅस आला तरी हे दृश्य नाहीसे झालेले नाही. स्वयंपाक गॅसवर आणि पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांनी केली आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून जोडण्या मिळाल्या. परंतु बादल्या भरून पाणी तापविण्यासाठी सिलिंडर जाळणे अनेकांच्या खिशाला परवडत नाही.

चूल राहणारच असेल, तर ती कशी बसवावी आणि तिच्यासाठी सरपण कसे तयार करावे, हे नीट समजून घेतले पाहिजे. हा प्रश्न केवळ धुराचा नाही. जंगलातून आणलेल्या प्रत्येक मोळीमागे कोणाची तरी एक खेप असते.

जंगल, निस्तार आणि वाघ

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मोठे वनक्षेत्र तिकडे गेले. तरीही तुमसर तालुक्याचा उत्तर भाग, कोका परिसर, साकोली आणि पवनी येथे आजही दाट जंगल आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस ही येथील ओळखीची झाडे.

भंडारा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या काळापासून गावकऱ्यांच्या जळाऊ लाकडाच्या, गवताच्या आणि चराईच्या गरजा 'निस्तार' या नावाने ओळखल्या जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रकाची तरतूद असून ती विदर्भापुरतीच आहे. तथापि, निस्तार म्हणजे हवे ते झाड तोडण्याची मुभा नव्हे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, मोह, ऐन, बिजा, हळदू, खैर, आंबा, चिंच, जांभूळ आदी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वाळून पडलेल्या फांद्या, बांधावरच्या बाभळीची छाटणी, तुराट्या आणि वनविभागाच्या आगारातील जळाऊ बीट हे सरपणाचे सरळ मार्ग होत.

जंगलाचे स्वरूपही बदलले आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले; त्याचा काही भाग पवनी तालुक्यात येतो. २०१३ मध्ये कोका अभयारण्य झाले आणि त्याच वर्षी ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. वाघांचा वावर वाढला ही वनसंरक्षणाच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट खरी. पण पहाटे सरपणासाठी किंवा मोहफुलांसाठी रानात वाकून काम करणाऱ्या बाईला तीच गोष्ट जिवावरची ठरू शकते. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत गॅसजोडण्या देण्यासाठी राज्याने २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राबविली, तिच्यामागे हेही एक कारण होते. म्हणूनच चुलीतील लाकूड वाचविणे म्हणजे रानातील खेपा वाचविणे होय.

सुधारित चुलीची वाटचाल

साध्या मातीच्या किंवा तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच भांड्यास मिळतो. उरलेली उष्णता भांड्याच्या कडेने निसटते, चुलीची माती तापविण्यात खर्ची पडते अथवा अर्धवट जळालेल्या धुराबरोबर निघून जाते. यावर उपाय शोधण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक विदर्भातच झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडीत, १९४७ च्या सुमारास, धुराड्याची 'मगन चूल' तयार झाली.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्यात देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसविल्या गेल्या. पण बसविलेल्या चुलींपैकी पुष्कळ लवकरच मोडल्या वा बंद पडल्या. धुराडे काजळीने तुंबले, दुरुस्ती कोणी केली नाही, घरच्या भांड्यांना चुलीचे तोंड जुळले नाही. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने साच्यात घडविण्याजोग्या चुलींचा प्रसार केला. दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल त्यांपैकीच. चूल सुधारित आहे किंवा नाही, यापेक्षा ती घरातील भांड्यांच्या मापाची आहे का आणि दर पंधरवड्याला साफ होते का, हे अधिक महत्त्वाचे.

चूल बसविताना

जागा : चूल पडवीत किंवा दोन बाजूंनी हवा खेळेल अशा ठिकाणी असावी. वाऱ्याचा झोत थेट चुलीच्या तोंडावर येऊ नये. कुडाच्या वा तट्ट्याच्या भिंतीपासून ती किमान दोन-अडीच फूट दूर ठेवावी.

माती : चिकट माती, शेण आणि धानाचा कोंडा किंवा बारीक कापलेली तणस एकत्र मळून एक-दोन दिवस मुरू द्यावी. कोंड्यामुळे मातीला भेगा कमी पडतात आणि चुलीचे अंग हलके राहून उष्णता कमी शोषते. घडविलेली चूल आठ-दहा दिवस सावलीत वाळवावी. ओल्या चुलीत जाळ केल्यास ती पहिल्याच दिवशी तडकते.

जाळी : लाकूड थेट जमिनीवर न ठेवता लोखंडी जाळीवर ठेवावे. खालून हवा मिळाली की निखारे पूर्ण जळतात आणि राख खाली पडते. ही साधी जाळी फुंकणीचे निम्मे काम वाचविते.

भांड्याचे अंतर : वैलाच्या चुलीत पहिल्या भांड्याखालून गेलेली आच दुसऱ्या भांड्यास मिळते, तेथे भांडे तोंडावर घट्ट बसले पाहिजे. धुराडे नसलेल्या एका भांड्याच्या चुलीत भांडे आणि चूल यांत सुमारे एक सेंटिमीटर फट ठेवावी. फट अधिक झाली तर आच निसटते आणि अगदीच नसेल तर धूर तोंडातून बाहेर येतो.

धुराडे : आतील व्यास तीन ते चार इंच असावा. नळी शक्यतो सरळ असावी आणि छपराच्या वर किमान दोन फूट जावी, म्हणजे वाऱ्याने धूर परत फिरत नाही. चुलीलगतचा पहिला तुकडा भाजलेल्या मातीचा घ्यावा. पूर्वी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप सर्रास वापरत; ते कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांस घातक असल्याने टाळावेत. तणसाच्या छपरातून धुराडे काढू नये. ते बाजूच्या भिंतीतून बाहेर घ्यावे.

बाजारातून तयार चूल घेणाऱ्यांनी भारतीय मानक आय.एस. १३१५२ चा उल्लेख पाहावा. या मानकानुसार नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीची उष्णताक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते.

सरपण : तयारी उन्हाळ्यात, वापर हिवाळ्यात

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते चुलीत घातल्यावर आधी पाणी आटते, मगच लाकूड पेटते. आच मंद राहते आणि न जळालेले वायू धूर होऊन डोळ्यांत जातात. नीट वाळलेल्या लाकडात पाणी १५ ते २० टक्क्यांवर येते. उत्तम चुलीतही ओले लाकूड धूरच देते. म्हणून चूल बदलणे आणि लाकूड वाळविणे ही कामे जोडीने करावी लागतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की छाटणी करावी. ओंडके हातभर लांबीचे कापून लगेच फोडावेत, कारण ओले लाकूड पाचरीने सोपे फुटते आणि साल फुटल्यावाचून आतील पाणी निघत नाही. फाटे मनगटाएवढे, तर पेटवणाच्या काड्या अंगठ्याएवढ्या असाव्यात. रास जमिनीवर न रचता दगडांवर किंवा विटांवर, हवा खेळेल अशी विरळ रचावी. वाळवी भिंतीत शिरू नये म्हणून तिला भिंतीपासून दूर ठेवावे. विदर्भातील एप्रिल-मेचे ऊन हा या कामी फुकट मिळालेला सुकवणीयंत्रच आहे.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी रास छपराखाली न्यावी. जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडी रास चार महिन्यांत पुन्हा ओली होते. प्लॅस्टिकने ती चारी बाजूंनी गुंडाळू नये. वर आडोसा करून बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

लाकूड वाळले का, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. दोन फाटे एकमेकांवर आपटल्यास टणक आवाज येतो, टोकांना भेगा पडतात, साल सहज सुटते. जळताना टोकाशी फेस येऊन सुसू आवाज झाला, तर ते ओलेच आहे.

एका हिवाळ्याचा हिशेब

वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापविण्यास ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३५०० किलोकॅलरी धरल्यास दहा टक्के क्षमतेच्या चुलीवर एका बादलीस जवळजवळ दीड किलो आणि वीस टक्के क्षमतेच्या चुलीवर सुमारे पाऊण किलो लाकूड लागते. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या, तर नव्वद दिवसांत साध्या चुलीस सुमारे ५१५ किलो आणि चांगल्या चुलीस सुमारे २५७ किलो. वीस किलोची मोळी धरली, तर हा फरक सव्वीस खेपा आणि तेरा खेपा यांमधील आहे.

पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवणे, तळाची काजळी आठवड्यातून एकदा घासणे आणि तांब्याचा बंब असल्यास त्याच्या मधल्या नळीतील राख रोज काढणे, एवढ्यानेही लाकूड वाचते.

सावधगिरी

थंडीत शेगडीतील निखारे बंद खोलीत ठेवून झोपणे हा सर्वांत मोठा धोका आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे अशी लक्षणे दिसताच दार उघडून मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा. बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवणेही तितकेच घातक.

चुलीत प्लॅस्टिक, रबर, रंगविलेले लाकूड वा प्लायवूड घालू नये. कण्हेरीच्या फांद्या तर मुळीच जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो. लाकडाच्या राशीत विंचू-साप आश्रय घेतात, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने रास हलवावी. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना धुरापासून दूर ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची जुनी ख्याती आहे. ती भांडी उजळायला आजही चुलीचीच राख वापरली जाते. तीच परसबागेतही टाकता येते. गॅसची टाकी भरणे सर्वांना परवडेल तो दिवस येईपर्यंत चुलीला घरात मानाने जागा द्यावी लागेल. तोवर मार्चमध्ये फोडलेले आणि मृगापूर्वी झाकलेले लाकूड हीच हिवाळ्याची खरी बेगमी. त्याने डोळ्यांतले पाणी थांबेल आणि रानाच्या वाटेवरच्या तेरा पहाटाही वाचतील.